‘ध’चा ‘मा’ कोणी केला?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात साखरा, जि. हिंगोली येथे दिलेले व्याख्यान)



आजच्या मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, जमाखर्चाचे वाचन झाले, वधूवरांचा परिचयही यथासांग पार पडला. अशा वेळी शेवटी एखादे बोधपर व्याख्यान व्हावे, हा आपल्या मंडळाचा शिरस्ता आहे. यंदा तो मान कार्यकारिणीने मजसारख्या एका निवृत्त गुरुजीस दिला, याबद्दल मी आपणां सर्वांचा ऋणी आहे.

विषय निवडण्याची मोकळीक मला देण्यात आली होती. मी निवडला आहे एका नाटकाचा विषय. आणि नाटकही चारशेहून अधिक वर्षांपूर्वी विलायतेत लिहिले गेलेले. शेक्सपिअरचे ‘मॅकबेथ’. ज्ञातीच्या मेळाव्यात विलायती नाटकाचे काय काम, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. तथापि, माझे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे, अशी विनंती आहे. ते नाटक राजाराण्यांचे असले, तरी त्यात जे घडते ते आपल्या बांधावर, आपल्या ओसरीवर आणि कधी कधी आपल्या मंडळाच्या बैठकीतही घडत असते.

प्रथमच एक सांगून ठेवतो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस आहे. शेक्सपिअरच्या मूळ भाषेची गोडी सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. मी तो वाचला मराठीतून, आणि मराठी माणसाला त्यात जे दिसते तेवढेच मी सांगणार आहे.

कथा थोडक्यात अशी. स्कॉटलंड देशात डंकन नावाचा एक वृद्ध व सज्जन राजा होता. मॅकबेथ हा त्याचा आप्त आणि पराक्रमी सरदार. एक लढाई जिंकून मॅकबेथ आणि त्याचा सोबती बँको हे परत येत असता माळरानावर त्यांना तीन चेटकिणी भेटतात. त्या मॅकबेथला सांगतात की तू राजा होशील. आणि बँकोला सांगतात की तू राजा होणार नाहीस, पण तुझा वंश राज्य करील. मॅकबेथ ही हकीकत पत्राने पत्नीस कळवितो. पुढे डंकन त्यांच्याच वाड्यात पाहुणा म्हणून येतो आणि त्या रात्री मॅकबेथ झोपेतल्या राजाचा खून करतो. आळ पहारेकऱ्यांवर जातो, राजपुत्र पळून जातात आणि मॅकबेथ सिंहासनावर बसतो. परंतु बसल्या जागी त्याला स्वस्थता नाही. तो बँकोला मारवितो. मग मॅकडफ नावाच्या सरदाराची बायकोमुले मारवितो. राणीला झोपेत चालण्याचा विकार जडतो. हातांवरचे न दिसणारे रक्त ती रात्रभर चोळून काढू पाहते आणि अखेर मरते. शेवटी मॅकडफच्या हातून मॅकबेथही मारला जातो.

हे नाटक १६०६ च्या सुमारास लिहिले गेले आणि शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर १६२३ साली प्रथम छापले गेले. त्याच्या शोकांतिकांपैकी हीच सर्वांत लहान होय. मराठीत ती फार पूर्वी आली. ‘काळ’ पत्राचे संपादक शिवराम महादेव परांजपे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘मानाजीराव’ या नावाने तिला मराठी पोशाख चढविला. पुढे १९५४ साली वि. वा. शिरवाडकर, म्हणजे आपले कुसुमाग्रज, यांनी याच नाटकावरून ‘राजमुकुट’ लिहिले. इतर प्रांतांतही असे झाले आहे. १९७९ साली ब. व. कारंत यांनी ‘बरनम वन’ या नावाने हे नाटक हिंदीत, यक्षगानाच्या ढंगाने, रंगभूमीवर आणले. २००३ साली विशाल भारद्वाज यांनी ‘मकबूल’ या चित्रपटात ही कथा मुंबईच्या गुन्हेगारी जगात नेऊन बसविली. इतक्या ठिकाणी जी कथा रुजते, तिचे बी कोठल्याही मातीत उगवणारे असले पाहिजे.

आपल्या मातीत तर ते आधीच उगवलेले होते. तारीख ३० ऑगस्ट १७७३. स्थळ पुण्याचा शनिवारवाडा. दिवस गणेशोत्सवाचे. थोरले माधवराव पेशवे आदल्या वर्षी, १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, थेऊर येथे वारले होते आणि त्यांचे धाकटे बंधू नारायणराव गादीवर बसले होते. वय अवघे अठरा वर्षांचे. चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, त्याच वाड्यात नजरकैदेत होते. त्या दिवशी गारदी वाड्यात शिरले. तो पोरसवदा पेशवा चुलत्याच्या दालनाकडे धावत गेला, ‘काका, मला वाचवा’ म्हणून त्याने काकांना मिठी मारली, आणि तेथेच तो कापला गेला. ही हाक महाराष्ट्र अद्याप विसरलेला नाही.

आता हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहा. डंकनचा खून करण्यापूर्वी मॅकबेथ स्वतःशीच विचार करतो. हा राजा माझा आप्त आहे, माझा धनी आहे आणि आज माझा अतिथी आहे. ज्याने दार लावून त्याचे रक्षण करावे त्यानेच सुरी उचलावी काय? तीन नाती तो मोजतो आणि तिन्ही तोडतो. इकडे नारायणरावही राघोबांचा पुतण्या म्हणून आप्त, पेशवा म्हणून धनी, आणि मिठी मारली त्या क्षणी शरणागत. तेथेही तीनच नाती होती आणि तिन्ही तुटली.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी १९०९ साली याच घटनेवर ‘भाऊबंदकी’ हे नाटक लिहिले. महाराष्ट्र नाटक मंडळीने ते गाजविले आणि त्यानंतरच्या पिढ्यांतही ते होत राहिले. दुर्गाबाई खोटे यांच्यासारख्या थोर अभिनेत्रीने ‘भाऊबंदकी’ आणि ‘राजमुकुट’ या दोन्ही नाटकांतून भूमिका केल्या. दोन्ही नाटके एकाच घरातील असल्यासारखी वाटतात, यात नवल नाही.

येथवर आपण कथा पाहिली. आता माझ्या मुद्द्याकडे वळतो.

एखादे मोठे पाप घडले की लोक प्रथम विचारतात, ‘हे याच्या डोक्यात घातले कोणी?’ हा प्रश्न वरवर साधा आहे, परंतु त्यात एक मोठी पळवाट आहे. ज्याने केले तो बाजूला राहतो आणि ज्याने सुचविले त्याच्या शोधात गाव निघतो. मॅकबेथच्या बाबतीत असे तीन आरोपी लोक उभे करतात: चेटकिणींचे भाकीत, बायकोची भर आणि मारेकऱ्यांचे हात. राघोबांच्या बाबतीतही आपण तेच करीत आलो. शेक्सपिअरचे मोठेपण मला यात दिसते की त्याने हे तिन्ही आरोपी रंगभूमीवर आणले, त्यांची साक्ष घेतली, आणि मूळ आरोपीस सुटू दिले नाही.

पहिली साक्ष भाकिताची. चेटकिणींनी सांगितले नसते तर मॅकबेथ असा वागला असता काय, असे विचारले जाते. पण त्या माळरानावर तो एकटा नव्हता. बँको त्याच्या शेजारी उभा होता. त्यानेही तेच शब्द ऐकले; त्याच्याही वंशाला राज्याचे आमिष मिळाले. घरी गेल्यावर बँकोने कोणाचा गळा कापला नाही. उलट, असल्या शक्ती थोडेसे खरे सांगून माणसाला मोठ्या नाशात ओढतात, असा इशारा त्याने तेथल्या तेथे दिला. आणखी एक बारीक गोष्ट पाहा. चेटकिणी ‘तू राजा होशील’ एवढेच म्हणाल्या. ‘राजाला मार’ असे त्यांच्यापैकी एकीनेही सांगितले नाही. खुनाचा विचार मॅकबेथच्या मनात आपोआप उठला आणि त्याच्या अंगावर काटा आला. काटा आला, कारण तो विचार त्याला ओळखीचा वाटला. पाऊस सगळ्याच शिवारावर पडतो. ज्या शेतात जे पेरलेले असते, तेच तेथे उगवते.

दुसरी साक्ष पत्नीची. यावर मी जरा अधिक वेळ घेणार आहे, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त अन्याय येथेच होतो.

लेडी मॅकबेथने नवऱ्याला भर दिली, त्याला भित्रा म्हणून हिणविले, सगळी योजना आखली, हे खरे आहे. मी तिचे वकीलपत्र घेत नाही. परंतु नाटक नीट वाचावे. खुनाचा विचार मॅकबेथच्या मनात आला, तेव्हा ती कोसो दूर होती; तिला अजून पत्रही मिळाले नव्हते. पुढे बँकोला मारावयाचे ठरले, तेव्हा त्याने तिला सांगितलेच नाही. तू अजाण राहा, काम झाल्यावर शाबासकी दे, असे म्हणून तिला गप्प केले. मॅकडफची पोरेबाळे मारली गेली, तेव्हा तर ती त्याच्या मसलतीत कोठेच नव्हती. जर सर्व दोष तिच्या भरीचा असता, तर भर थांबताच खूनही थांबावयास हवे होते. ते वाढले. आणि स्वतः तिचे काय झाले? झोपेतला डंकन आपल्या वडिलांसारखा दिसला, म्हणून आपला हात उचलला नाही, असे ती त्या रात्रीच बोलून जाते. आपण दगडाच्या आहोत असे तिला वाटत होते. ती दगडाची नव्हती, आणि म्हणूनच वेडी होऊन मेली.

आता आनंदीबाईंकडे येऊ. ‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार मराठीत लहान मुलालाही ठाऊक आहे. राघोबांनी गारद्यांना ‘नारायणरावास धरावे’ असे लिहून दिले आणि आनंदीबाईंनी त्यातील ‘ध’ काढून ‘मा’ केला, अशी ती कथा. ही कथा बखरींतून व लोकांच्या तोंडून आपल्यापर्यंत आली. बाईंच्या हातचे ते खोडलेले अक्षर अस्सल कागदावर दाखविता येईल, असा पुरावा मात्र इतिहासाच्या हाती लागलेला नाही. तरीही क्षणभर ती कथा खरी धरू. मग मी विचारतो, ‘धरावे’ हे कोणी लिहिले? राज्याच्या धन्याला, सख्ख्या पुतण्याला, भाडोत्री शिपायांकडून धरून आणावे, हा हुकूम कोणाचा? गणपतीच्या दिवसांत नागव्या तलवारी वाड्यात शिराव्यात, हे कोणी ठरविले? ‘ध’ आणि ‘मा’ यांत अंतर एका अक्षराचे; पण त्या कागदापर्यंत येण्यास राघोबांना अकरा वर्षे लागली होती.

मी अकरा वर्षे म्हणतो, त्याचा हिशेब असा. १७६२ साली राघोबा पुतण्या माधवरावाविरुद्ध उभे राहिले, तेही निजामाचे साहाय्य घेऊन. आणि आळेगाव येथे माधवरावास माघार घेऊन काकांच्या स्वाधीन व्हावे लागले. पुढल्याच वर्षी, ऑगस्ट १७६३ मध्ये, आपल्या मराठवाड्यात गोदातीरी राक्षसभुवन येथे काका-पुतण्यांनी मिळून त्याच निजामाचा पराभव केला. दोघे एक झाले की काय होते, हे त्या गोदेने पाहिले. परंतु एकी टिकली नाही. १७६८ साली धोडप येथे पुन्हा लढाई झाली, राघोबा हरले आणि शनिवारवाड्यात अटकेत आले. गादीची तहान अशी जुनी होती. ती आनंदीबाईंनी एका रात्रीत, बोरूच्या एका फटकाऱ्याने निर्माण केली नाही.

अशी कथा लोकांच्या मनात किती खोल रुतलेली असते, याचा एक अनुभव सांगतो. मी नोकरीत असताना, आपला हा भाग परभणी जिल्ह्यात होता त्या काळात, एका खेड्यातील शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांनी नारायणरावाच्या वधाचा प्रवेश बसविला. गारदी होण्यासाठी मुलांची झुंबड उडाली, कारण त्यात तलवार होती. आनंदीबाईचे काम सातवीतल्या एका हुशार मुलीकडे आले. प्रयोगाच्या रात्री राघोबा झालेला मुलगा कागदावर सही करून गेला, तेव्हा मांडवात शांतता होती. त्या मुलीने कागद हाती घेतला मात्र, आणि बायाबापड्यांनी तिला शिव्या घातल्या. कोणी तर खडे मारले. दुसऱ्या दिवशी ती मजकडे आली आणि म्हणाली, ‘गुरुजी, चिठ्ठी काकानं लिहिली. मला एकटीलाच का खडे?’ मी तिला एवढेच सांगितले की बाळ, तुझा प्रश्न पुस्तकातल्या धड्याहून मोठा आहे. नंतर अनेक वर्षे त्या वर्गाला इतिहास शिकविताना मी हा प्रश्न मुलांपुढे ठेवीत असे, आणि मुले त्यावर फार चांगले बोलत.

तिसरी साक्ष मारेकऱ्यांची. मॅकबेथने बँकोवर मारेकरी घालताना त्यांना नुसते पैसे दिले नाहीत. तुमच्या दैन्याला बँकोच कारण आहे, असे त्यांच्या मनात भरविले. गरजू माणसाच्या रागाला आपल्या शत्रूचे नाव द्यावे आणि काम करून घ्यावे, ही सत्तेची जुनी युक्ती होय. शनिवारवाड्यातही गारदी आपल्या थकलेल्या पगाराची तक्रार घेऊन शिरले, असे वर्णन सापडते. सुमेरसिंग गारदी, तुळाजी पवार ही नावे आपण ऐकली आहेत. ते निर्दोष नव्हते. पण त्याच वाड्यात चापाजी टिळेकर नावाचा एक सेवक होता. तोही पगारी नोकरच. त्याने नारायणरावाला वाचविण्यासाठी त्याच्या अंगावर आपले अंग टाकले आणि तो तेथेच मारला गेला. हुकमाचे ताबेदार सगळेच असतात. तरीही कोणता हुकूम पाळावयाचा नाही, हे चापाजीला कळले. ‘आम्ही तर सांगकामे’ म्हणणाऱ्यांना चापाजीचे उत्तर आहे.

अशा तऱ्हेने तीनही साक्षी झाल्या. भाकिताने वाट दाखविली असेल, पत्नीने पुढे ढकलले असेल, मारेकऱ्यांनी हात चालविले असतील. पण इच्छा ज्याची, पाप त्याचे. नाटकाचा निकाल हा असा आहे.

आता पापानंतर काय होते, ते पाहू. मॅकबेथला खून करण्यास एक रात्र पुरली. ते पचविण्यास उरलेले आयुष्य पुरले नाही. खुनानंतर त्याला पहिली गोष्ट उमगते ती ही, की आपण झोपेचाच खून केला. अपराधाची जाणीव नवराबायकोंत दोन निरनिराळ्या वाटांनी चालते. ती आतल्या आत खचत जाते. तो बाहेरून निबर होत जातो. एक खून लपविण्यास दुसरा, दुसरा लपविण्यास तिसरा, असे करता करता रक्ताच्या नदीत आपण इतके पुढे आलो की परतणेही तितकेच कठीण, असे त्याला वाटू लागते. आणि पत्नीच्या मृत्यूची वार्ता येते, तेव्हा त्याच्याजवळ दोन आसवे गाळण्याइतकेही काही शिल्लक नसते. मला तर तीच त्याची खरी शिक्षा वाटते. तलवारीने मरणे ही पुढची औपचारिकता होय.

राघोबांनाही गादी मिळाली. पण किती दिवस? नाना फडणीस, सखारामबापू आदी कारभाऱ्यांनी बारभाईंचे कारस्थान उभे केले. नारायणरावांची विधवा पत्नी गंगाबाई गरोदर होती. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर तिला पुत्र झाला आणि चाळीस दिवसांचे ते मूल सवाई माधवराव या नावाने पेशवा झाले. राघोबा इंग्रजांच्या आश्रयास गेले. मार्च १७७५ मध्ये सुरतेस तह झाला आणि त्यात त्यांनी साष्टी व वसई इंग्रजांस देण्याचे मान्य केले. मंडळी, ही वसई कोणती? १७३९ साली राघोबांचे सख्खे चुलते चिमाजी अप्पा यांनी हजारो माणसे खर्ची घालून पोर्तुगीजांकडून जिंकलेली. चुलत्याने जिंकलेले ठाणे, पुतण्याला मारून मिळविलेली गादी राखण्यासाठी, परक्याच्या नावे लिहून दिले गेले. यातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध पेटले. वडगावास इंग्रजांचा पराभव झाला खरा, पण १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली. राघोबा डिसेंबर १७८३ मध्ये कोपरगावी वारले. अटकेपर्यंत दौड करणारा तो राघोभरारी, त्याची अखेर नेमणुकीच्या तनख्यावर झाली. आनंदीबाई पुढे दहा वर्षे नानांच्या बंदोबस्तात जगून १७९४ साली वारल्या. त्यांचे पुत्र दुसरे बाजीराव शेवटचे पेशवे ठरले आणि १८१८ साली राज्यच बुडाले. सर्व कारणे या एका खुनात होती असे मी म्हणत नाही. पण घरातल्या भांडणात परक्याला पंच केल्याची पायवाट येथेच मळली.

या कथेत आणखी एक माणूस आहे आणि त्याच्यासाठीच मी हा विषय घेतला, असे म्हटले तरी चालेल. ते म्हणजे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे. ‘मॅकबेथ’ नाटकात राणीच्या रोगावर एक वैद्य बोलाविलेला आहे. झोपेत ती जे बरळते ते ऐकून त्याला सर्व काही कळते. हा रोग औषधाचा नव्हे, हिला वैद्यापेक्षा ईश्वराची गरज आहे, असे तो म्हणतो. मनात समजतो, पण उघड बोलण्यास धजत नाही. येथून सुटलो तर पैशासाठी पुन्हा येणार नाही, एवढेच तो पुटपुटतो. तो वाईट माणूस नाही. तो आपल्यासारखाच साधा, संसारी माणूस आहे. रामशास्त्रीही दरबारचे नोकरच होते. परंतु त्यांनी चौकशी केली, दोष रघुनाथरावांच्या पदरी घातला आणि या पापाला देहान्त प्रायश्चित्तच आहे असे तोंडावर सांगितले, अशी परंपरा आहे. नंतर ते पुणे सोडून निघून गेले आणि राघोबांची सत्ता गेल्यावरच परतले. लक्षात घ्या, वाड्यात बाई होत्या, गारदी होते, कारभारी होते. शास्त्रीबुवांचे बोट नेमके कोणाकडे गेले? ज्याच्या हाती सत्ता आली होती, त्याच्याकडे. ‘ध’चा ‘मा’ कोणी केला, या वादात ते अडकून पडले नाहीत.

एका बाबतीत शेक्सपिअरलाही तोलून घेतले पाहिजे. इतिहासातील मॅकबेथने १०४० पासून १०५७ पर्यंत, म्हणजे सतरा वर्षे राज्य केले, आणि डंकन बिछान्यात नव्हे, तर लढाईत पडला. नाटककाराने आपल्या कामापुरता इतिहास वाकविला. आपल्या ‘भाऊबंदकी’तही आनंदीबाईंची महत्त्वाकांक्षा भडक रंगाने रंगविलेली आहे. नाटक म्हणून ते शोभते. पण रंगभूमीवरचा रंग आपण इतिहासाच्या आणि पुढे आपल्या घरच्या माणसांच्या तोंडाला फासू नये.

घरच्या माणसांचा उल्लेख आला, म्हणून आता स्पष्टच बोलतो. आपल्याजवळ राज्ये नाहीत. पण चार एकर काळी जमीन आहे, विहिरीची पाळी आहे, गावात एखादे पद आहे. महत्त्वाकांक्षेला तेवढे पुरते. दोन भाऊ वेगळे होतात. थोरला तलाठ्याकडे जाऊन फेरफार करून घेतो, बांध दोन हात सरकतो, विहीर एकाच्याच नावावर चढते. आणि पारावर लोक काय म्हणतात? ‘भाऊ देवमाणूस हो, पण बायको कैकेयी मिळाली.’ सूनबाईने घर फोडले, हे आपल्याकडे ठरलेले वाक्य आहे. अहो, तिचे नाव सातबाऱ्यावर नाही, कागदावर तिची सही नाही, कचेरीची पायरी तिने पाहिलेली नाही. मग हा ‘ध’ लिहिला कोणी? कदाचित तिने घरात कुरकुर केली असेल. कुरकुर आणि करणी यांत फरक आहे, आणि तो फरक करणे म्हणजेच न्याय होय.

तीच गोष्ट बहिणींची. महाराष्ट्रात १९९४ साली आणि साऱ्या देशात २००५ साली कायद्याने मुलीला वडिलोपार्जित इस्टेटीत मुलाबरोबरीचा हक्क दिला. तरी आजही राखीला पाचशेची नोट देणारा भाऊ दिवाळीला बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवतो. तिने सही केली तर ती गुणी. न केली तर ‘जावयाने शिकविले’. पुन्हा तोच प्रश्न, हिच्या डोक्यात घातले कोणी? जणू न्याय मागण्याची बुद्धी तिला स्वतःची असूच शकत नाही. जो स्वतःच्या लोभाचा दोष दुसऱ्यावर टाकतो, तो दुसऱ्याच्या न्याय्य मागणीचे श्रेयही तिऱ्हाइतावर टाकतो. दोन्ही पळवाटा एकाच वाड्यातून निघतात.

आपल्या मंडळासही हे लागू आहे, असे मी नम्रपणे म्हणतो. अध्यक्षपद, कोषाध्यक्षपद ही सेवेची स्थाने होत. त्यांची इच्छा धरणे हा गुन्हा नाही. इच्छा नसेल तर कामच होणार नाही. मॅकबेथही लढवय्या म्हणून थोर होता, राघोबाही थोर होते. इच्छेनेच ते थोर झाले होते. प्रश्न एवढाच की त्या खुर्चीपर्यंत जाताना वाटेत कोणते नाते आडवे आले आणि आपण त्याचे काय केले. आणि पाय घसरलाच, तर ‘मला अमक्याने भरीस घातले’ असे म्हणावयाचे नाही.

म्हणून, बंधुभगिनींनो, माझे आपणांकडे एकच मागणे आहे. आपल्या घरात, भावकीत वा मंडळात तंटा उभा राहिला आणि पंच म्हणून बसण्याची वेळ आली, तर ‘याला शिकविले कोणी’ या प्रश्नाने आरंभ करू नका. ‘धरावे’ हा पहिला शब्द कोणाच्या हातचा, हे आधी विचारा. उत्तर पुष्कळदा सर्वांना ठाऊक असते; उच्चारण्यास मात्र रामशास्त्री लागतो. दर पिढीत एक रामशास्त्री पुरत नाही, प्रत्येक घराला एक हवा. आणि तो पुरुषच असला पाहिजे, असेही नाही.